सहदेवला रिव्हर्स येत नाही

शांतिसदनातल्या निम्म्या बिऱ्हाडांशी माझी ओळख झाली ती कंबर मोडून. हे मी रागाने सांगतोय असं वाटलं तर वाटू दे, थोडा राग आहेच. आठवडाभर विम्याच्या कचेरीत खुर्चीला चिकटून बसणाऱ्या माणसाने रविवारी सकाळी दुसऱ्याच्या कपाटांनी भरलेला ट्रेलर ढकलावा, ही कल्पना माझी नव्हती. ती सहदेव घाडीची होती आणि त्यामागचं कारण आम्हाला कळायला काही वर्षं जावी लागली.

सहदेव आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. मूळचा कुडाळकडचा, पण वाढला लालबागच्या चाळीत. गिरणीत होता. मागावर नव्हे, गिरणीच्या आवारात कापसाच्या गासड्या लादलेल्या ट्रॉल्या ओढणारा छोटा ट्रॅक्टर चालवायचा. संप झाला आणि गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हा त्याने चाळीतली खोली विकली, बोरीवलीला आमच्याकडे एक खोली-स्वयंपाकघर घेतलं आणि उरलेल्यात एक जुनी पिकअप उचलली. जीपसारखं तोंड, मागे उघडा हौदा, रंग कधीकाळी दुधी असावा. कुर्ल्याच्या भंगारातून दोन चाकं आणि आस आणून त्याने मागे जोडायला एक ट्रेलर बनवून घेतला. पिकअपच्या मागे आकडा, ट्रेलरच्या दांडीला कडी, आणि दोन्हींमधून आरपार जाणारी जाडजूड लोखंडी पिन. पिन घातली की ट्रेलर पिकअपचा, काढली की तो ढकलणाऱ्यांचा.

त्या वर्षांत परळ-लालबागची माणसं खोल्या विकून बोरीवली, मुलुंड, घाटकोपरकडे सरकत होती. नुसत्या पिकअपमध्ये बिऱ्हाड मावत नसे. ट्रेलर जोडला की पलंगापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं एका खेपेत यायचं. सहदेवला काम कमी पडलं नाही. गाडी मात्र तो इतकी सावकाश चालवायचा की हायवेवर मागचे ट्रकवाले त्याच्या खानदानाचा उद्धार करत पुढे जायचे. हा आपला आरशात बघत ट्रेलरशी बोलत असायचा. "ये, ये. घाई नाय."

त्याचे दोन नियम होते. घरातले देव, तसबिरी जे काही असेल ते हौद्यात टाकायचं नाही. घरच्या बाईने ते मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी पुढे बसायचं. आणि निघताना जुन्या घरून पाण्याचा एक हंडा भरून घ्यायचा, सोबत गुळाचा खडा. नव्या जागी पोचल्यावर सगळ्यात आधी हंडा उतरायचा. ज्यांनी सामानाला हात लावला त्यांना त्या हंड्यातलं पाणी आणि गूळ द्यायचा, मगच बाकीचं. गावाकडे दारात आलेल्याला घरचा माणूस गूळ-पाणी देतो. सहदेवने ते उलटं केलं होतं. इथे आलेल्याने आधीच्यांना द्यायचं.

आता प्रेमाबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यापायी झालं. प्रेमा सहदेवची बायको. मूलबाळ नव्हतं. लालबागच्या चाळीत तिचं दार कधी बंद नसायचं, दाराला नुसता पडदा. तिथे कोणाची आमटी कोणाच्या पातेल्यात आहे हे शोधावं लागायचं. आमच्याकडे आली आणि लाकडी दार, त्याला वरून कडी, खालून कडी. मी कोणाला दोष देत नाही, आम्ही सगळेच तसे राहत होतो. सकाळी दार ओढून स्टेशन गाठायचं, संध्याकाळी येऊन दार लावायचं. शेजारी कोण राहतं ते पाटीवर वाचायचं.

सहदेव दिवसभर गाडीवर. प्रेमा दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायची आणि बंद दारांकडे बघत तांदूळ निवडायची. तिची एक हिरवी ट्रंक लालबागहून आली तशीच कुलूपबंद दाराशी ठेवलेली होती. माझी बायको क्षमा एकदा साखर मागायला गेली होती, तेव्हा तिने विचारलं, "प्रेमा, ही ट्रंक अजून उघडली नाहीस?"

"कित्याक उघडू? आज ना उद्या गावाकच जावचा असा. परत बांधाबांध कोण करीत?" प्रेमा म्हणाली.

ती गंमत करत नव्हती. दर शिमग्याला ती कुडाळला जायची आणि दर वेळी सहदेव आठवडाभर तोंड पाडून फिरायचा. एकदा पानाच्या गादीवर मला म्हणाला, "भाऊ, ह्या खेपेला ती येईल असं वाटत नाय. ती नाय आली तर त्या खोलीत मी एकटा काय करू?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. असल्या प्रश्नाला विम्याच्या कचेरीत शिकवलेलं उत्तर नसतं.

आमची इमारत एका बोळाच्या टोकाला होती. बोळ चिंचोळा, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला भिंत. फाटकातून आत छोटंसं आवार, आणि जिना पार मागच्या अंगाला. ट्रेलर सरळ आत घातला तर वळायला जागा नाही. तो मागे-मागे घेतच जिन्यापर्यंत न्यावा लागे. सहदेव येऊन तीनेक महिने झाले असतील, तेव्हा पहिल्या मजल्यावर नलिनी आणि तिचा नवरा राहायला आले. रविवार होता. पिकअप आणि ट्रेलर बोळात थांबला, सहदेव उतरला, त्याने पिन काढून खिशात घातली आणि एकेक दार ठोठावत वर आला.

"भाऊ, जरा हात लावता? ट्रेलर आत घ्यायचाय. मला रिव्हर्स येत नाय."

"तू ड्रायव्हर ना रे?" मी म्हणालो.

"पिकअपचा येतो. ट्रेलर जोडला की नाय येत. मी डावीकडे फिरवतो, तो उजवीकडे जातो. डोकाच फिरता."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण क्षमा आधीच चपला घालून खाली निघाली होती. मग उतरावं लागलं. खालून वरून पाच-सहा पुरुष आले, तेवढ्याच बायका आल्या. कोणी बाजूला धरलं, कोणी मागून दगड घेऊन चाकाखाली अडसर लावायला तयार. सहदेव पुढे दांडी धरून कोकणात होडी ओढताना देतात तशी हाळी द्यायचा आणि आम्ही ढकलायचो. एकदा फाटकाच्या खांबाला घासला, एकदा नलिनीचं आरशाचं कपाट माझ्यावर येता येता राहिलं. जिन्याशी पोचलो तेव्हा सगळे घामाने निथळत होते आणि का कोण जाणे, हसत होते. नलिनीने हंडा उघडला. उभ्या उभ्या गूळ-पाणी झालं, मग तिथेच पायऱ्यांवर बसून गप्पा. समोरच्या दारातले गृहस्थ बेस्टमध्ये बस चालवतात आणि त्यांचं नाव श्यामकांत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो.

प्रेमाही खाली आली होती. ढकलायला तिला कोणी जागा दिली नाही, पण नलिनीचा पाटा तिने एकटीने वर नेला. दुसऱ्या दिवशी नलिनी तिच्याकडे विळी मागायला गेली.

मग हे चालूच राहिलं. दोन-चार महिन्यांनी एखादं बिऱ्हाड यायचं, एखादं जायचं, कोणाकडे फ्रीज यायचा, कोणाच्या मुलीचं रुखवत निघायचं. आमच्या बोळातल्या बाकीच्या दोन इमारतीही सहदेवलाच बोलवायच्या आणि तिथेही हीच तऱ्हा. हॉर्न वाजला की माझ्या कंबरेत कळ यायची. "ह्याला रिव्हर्स येत नाही तर ह्याने ट्रेलर घेतलाच कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की क्षमा ते माझ्याआधी म्हणू लागली.

शेवटी मीच सोसायटीच्या सभेत विषय काढला. ठरलं असं की श्यामकांतने सहदेवला रिव्हर्स शिकवावा. बस मागे घेणाऱ्याला हे काय जड? रविवारी अख्खी इमारत गॅलऱ्यांत उभी. श्यामकांतने आधी अर्धा तास भाषण दिलं, मग सहदेवला बसवलं. सहदेवने स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रेलर आडवा होऊन पिकअपला कोपरात मुडपून बसला. पुन्हा केलं, पुन्हा मुडपला. तिसऱ्या वेळी तुळशीची कुंडी गेली. श्यामकांत वैतागून म्हणाला, "उतर. मी दाखवतो." आणि तो बसला. मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण ट्रेलर गटारात होता आणि पिकअपचं तोंड बोळाकडे पाठ करून भिंतीला लागलं होतं. तासभर ढकलून आम्ही ते सगळं सरळ केलं.

श्यामकांत उतरला, त्याने कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "हे रिव्हर्स घ्यायचं वाहनच नाही. हे ढकलायचं वाहन आहे." त्या दिवसापासून सहदेवला कोणी काही म्हटलं की श्यामकांतच त्याची बाजू घ्यायचा. पिन काढायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

गिरणीत हा माणूस ट्रॉल्याच ओढत होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. चिंचोळ्या गोदामांतून गासड्यांच्या ट्रॉल्या मागे घेतल्याशिवाय तिथे एक दिवस निघत नसणार. पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी कुंडी फुटलेली सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती.

दरम्यान प्रेमाच्या उंबऱ्यावर बायका बसू लागल्या. आमची क्षमा तर दुपारची तिकडेच. घावणे कसे करायचे, कुळथाची पिठी कशी घोटायची, सगळं तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला लागलं. बायकांना भेटायला काही निमित्त लागतं, आणि ट्रेलर ढकलताना एकमेकींच्या पायांवर पाय दिलेले असले की बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. प्रेमा शिमग्याला जायची आणि परत यायची. पण ट्रंक दाराशी तशीच होती, कुलूपासकट. सहदेव घरी आला की आधी ट्रंकेकडे बघतो, असं क्षमा सांगायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी नलिनीच्या स्वयंपाकघरात पंपाचा स्टोव्ह भडकला. मी घरी होतो, आदल्याच रविवारच्या ढकलाढकलीने कंबर धरली होती म्हणून. आरडाओरड ऐकून गॅलरीत आलो तर तिच्या खिडकीतून काळा धूर. नलिनी बाहेर पळाली होती, तिला काही झालं नव्हतं, पण पडदे पेटले होते आणि वर लाकडी माळा. कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. आगीचा बंब लवकर आला, पण बोळाच्या तोंडापाशीच थांबला, कारण बोळात सहदेवचा ट्रेलर उभा होता. शेजारच्या इमारतीचं सामान घेऊन तो नुकताच आला होता. गच्च भरलेला ट्रेलर, पुढे पिकअप, मागे बंब, आणि दुपारच्या वेळी ढकलायला पुरुष नाहीत.

आमच्या बोळाला लागून एक रिकामा प्लॉट होता. त्याला दोन दगडी खांब, मध्ये जेमतेम ट्रेलर जाईल एवढी जागा, तीही काटकोनात. सहदेव पिकअपमध्ये बसला. त्याने एकदा वर बघितलं. गॅलऱ्यांत बायका होत्या, मी होतो, दुसऱ्या पाळीला निघालेला श्यामकांत खाकी कपड्यांत फाटकाशी उभा होता. मग त्याने मान वळवली, एक हात सीटच्या पाठीवर टाकला आणि ट्रेलर मागे घेतला. आधी थोडा उजवीकडे, मग उलटा, आणि तो भरलेला ट्रेलर त्या दोन खांबांच्या मधून असा आत गेला की खांबावरची धूळही उडाली नाही. पाठोपाठ पिकअप आत. बंब पुढे सरकला.

आग विझली. नलिनीचं छत काळं झालं, माळा जळाला, बाकी वाचलं. सगळे सहदेवचे आभार मानत होते आणि त्याच वेळी सगळ्यांच्या डोळ्यांत दुसरं काहीतरी येत होतं. श्यामकांत चालत त्याच्यापाशी गेला.

"किती वर्षं येतो तुला?"

सहदेवने मान खाली घातली. "गिरणीपासून."

"म्हणजे मी गटारात गेलो तेव्हा तू हसत होतास."

"नाय हो, श्यामकांत."

श्यामकांत कामावर गेला आणि त्यानंतर सहदेवशी बोलणं त्याने बंद केलं. बाकीच्यांनी जिन्यात कुजबुज केली, मग मोठ्याने केली. आमची कंबर, आमचे रविवार. मीही बोललो, मागे राहिलो नाही. इतकी वर्षं एक माणूस आपल्याला खुळ्यात काढतो हे कोणाला आवडेल?

प्रेमाने क्षमाला सगळं सांगितलं ते त्या आठवड्यात. ते दोघं पहिल्यांदा बोरीवलीला आले, तो कामाचा दिवस होता. सहदेवने स्वतःच्या बिऱ्हाडाचा ट्रेलर एका झटक्यात मागे घेऊन जिन्याला लावला. आवाज नाही, धडपड नाही. लालबागहून हंडा भरून आणला होता आणि चाळीतल्या बायकांनी निरोपाला दिलेले बारा स्टीलचे पेले होते. प्रेमा ते पेले मांडून संध्याकाळपर्यंत जिन्याशी बसली, की येतील कोणी, विचारतील कोण आलंय. कोणी आलं नाही. आम्ही ऑफिसातून आलो आणि तिच्या बाजूने वर निघून गेलो. मी पण गेलो असणार, मला आठवत नाही, यातच सगळं आलं. रात्री तिने हंडा मोरीत ओतला, पेले पुसून हिरव्या ट्रंकेत घातले आणि कुलूप लावलं.

"तेव्हापासून हे असे करतत," प्रेमा म्हणाली. "माका बोलले, आता बघ, दर खेपेक लोक खाली येतले. मी बोललंय, खोटा बोलून लोक आणशात? तर गप रवले."

क्षमाने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या रागाचं काय करावं ते मला समजेना. मी श्यामकांतकडे गेलो. त्याने अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, "बायकोसाठी केलं ना? मग बायकोला ढकलायला लावायचं." राग खोल गेला होता. मित्राने फसवलं की तसाच जातो.

त्यानंतर सहदेवने कोणाचं दार ठोठावलं नाही. बिऱ्हाड आलं की तो एकटा ट्रेलर मागे घ्यायचा, सुरेख घ्यायचा, बघत राहावं असं. पाच मिनिटांत काम. कोणी खाली उतरायचं नाही. तळमजल्यावर एक गुजराती कुटुंब आलं, त्यांचं आडनाव आम्हाला कित्येक दिवस माहीत नव्हतं. हंडा उतरायचा आणि तसाच वर जायचा. प्रेमाच्या उंबऱ्यावरची बैठक विरळ झाली, कारण बायकांनाही नवऱ्यांच्या रागाची लाज राखावी लागते. एकदा क्षमा वर गेली तर प्रेमा ट्रंकेवरची धूळ पुसत होती. म्हणाली, ह्या शिमग्याला गेलंय की परत यायचं का ते बघूया.

आणि मग शिमग्याच्या आधी कुंडलिक आणि कमल आले.

कुंडलिक विक्रोळीच्या कारखान्यात फिटर, मूळचा जालन्याकडचा. कमल पालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिची बदली बोरीवलीला झाली होती. बौद्ध. दुसऱ्या मजल्यावरची जागा त्यांनी घेतल्याचं कळलं तेव्हा आमच्या सभेत कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे असं उघड कोणी बोलत नसे. त्या दिवशी सभा लवकर संपली आणि लोक जिन्यात जास्त वेळ उभे राहिले, एवढंच. मला ते कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी हॉर्न वाजला. सहदेव पवईवरून, आरे कॉलनीच्या चढातून ट्रेलर ओढत आला होता. मी पेपर घेऊन गॅलरीत होतो. पिकअप बोळात थांबली. पुढच्या सीटवरून कमल उतरली. हातात नव्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन तसबिरी, बाबासाहेबांची आणि बुद्धाची, छातीशी धरलेल्या. तिने वर बघितलं. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं होती, रविवार ना. कोणी हललं नाही. तिने मान खाली केली आणि टॉवेलचं टोक नीट केलं. कुंडलिक ट्रेलरची दोरी सोडू लागला. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सहदेव गाडीत बसून गिअर टाकणार एवढ्यात प्रेमा जिन्यातून खाली आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. ती सरळ पिकअपच्या खिडकीशी गेली.

"मागे घेव नकात."

"अगो, आता लोकांका म्हायत असा," सहदेव हळूच म्हणाला.

"म्हायत असांदे. पिन काढा."

"कोण येतलो?"

"मी येतंय मां. काढा पिन." आणि मग ती आवारात मध्ये उभी राहिली, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि लालबागेत नळावर उभं राहून हाक मारतात तशी हाक मारली. "क्षमावैनी, खाली ये गं. नलिनी, दूध खाली उतरव आणि ये. भाऊ, पेपर ठेवा. माझ्या नवऱ्यावर रागावलात ना, बरोबर आहे, रागवा. पण ह्यांना काय माहीत तुमचा राग कोणावर आहे? आज दारं लावून बसलात तर ही बाई काय समजेल?"

तिचं बोलणं सगळ्यांना नेमकं कळलं होतं, कारण तेच आम्ही सगळे मघापासून मनात बाजूला सारत होतो. क्षमा तोवर जिन्यात पोचली होती. मी पेपर ठेवला आणि निघालो. नलिनी आली. तळमजल्यावरचे ते गुजराती गृहस्थ, त्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही बाह्या सावरत आले.

श्यामकांत सगळ्यांत शेवटी आला, बनियनवर. सहदेव पिन काढायला वाकला होता. श्यामकांतने त्याला हाताने बाजूला केलं.

"सरक. मागे एकदा तू ती माझ्या पायावर पाडली होतीस."

त्याने पिन काढली, खिशात घातली आणि सहदेवकडे न बघताच म्हणाला, "दांडी धर. आणि ओरड जरा, सवय मोडली आमची."

सहदेवने हाळी दिली. कुंडलिकने खांदा लावला, प्रेमाने त्याच्या शेजारी. कमलने तसबिरी फाटकाच्या कट्ट्यावर नीट टेकवल्या, साडी वर खोचली आणि ती माझ्या बाजूला येऊन ढकलू लागली. "तुम्ही कंबर सांभाळा," ती मला म्हणाली. सहदेवने वाटेत तिला काय काय सांगितलं होतं कोण जाणे. फाटकाच्या त्याच खांबाला ट्रेलर घासला, नेहमीप्रमाणे. जिन्याशी पोचलो तेव्हा कोणीतरी हसलं.

कुंडलिकने हंडा उतरवला. पितळी, घासून लखलखीत केलेला, तोंडावर धुतलेलं फडकं. कमल हंड्याशी उभी राहिली. गुळाचा डबा तिच्या हातात होता, पण तिने झाकण उघडलं नाही. ती आमच्याकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे. सगळे घाम पुसत होते, हात कोणी पुढे करत नव्हतं.

प्रेमा पायरीवर बसली आणि तिने हात पुढे केला. "ताई, पाणी द्या ना. घशाला कोरड पडली."

"माझ्या हंड्यातलं?" कमलने विचारलं. अगदी साधा आवाज होता.

"मग कोणाच्या? मी आले तेव्हा माझ्या हंड्यातलं प्यायला कोणी आलंच नव्हतं. मोरीत ओतला मी तो. तुमचा ओतायला नको."

कमलने फडकं काढलं, पेला बुडवला, वर गुळाचा खडा ठेवून दिला. प्रेमाने गूळ तोंडात टाकला आणि पेला एका दमात रिकामा केला. तो तसाच श्यामकांतच्या हातात गेला, त्याच्याकडून नलिनीकडे. पण सामान अजून बांधलेलं होतं, त्यातून दोनच पेले काढलेले, आणि माणसं बरीच.

"अवो," प्रेमाने सहदेवला हाक मारली. "वर जावा. ट्रंकेत पेले असत, घेऊन येवा."

सहदेव हलला नाही. "कुठच्या ट्रंकेत?"

"किती ट्रंका असत आपल्याकडे?" तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "बारा असत. सगळे घेऊन येवा."

तो जिना चढला तो धावत. उतरताना मात्र सावकाश उतरला, हायवेवर गाडी चालवतो तसा. दोन्ही हातांत पेले, काही काखेत. त्याने ते एकेक करून हंड्याशेजारी मांडले. नवे कोरे होते, वर लालबागच्या बायकांची नावं कोरलेली. मांडताना तो कोणाकडेच बघत नव्हता.

कमलने बाराच्या बारा भरले. माझ्या पेल्यावर कोण्या रुक्मिणीचं नाव होतं. मी दुसऱ्यांदा मागितला तेव्हा क्षमा म्हणाली, "पुरे की, कंबरेला काय पाणी लागतं?" पाणी विक्रोळीचं होतं, पवईच्या चढांवरून तापत आलेलं आणि गुळामुळे गोड लागत होतं. मी तो पेला धुऊन प्रेमाला परत द्यायला गेलो.

"ठेवा तुमच्याकडेच, भाऊ," ती म्हणाली. "पुढच्या बिऱ्हाडाला घेऊन या."